कमाटीबागेतील चार तास



आज मी आपणांस बडोदे शहरातून सायकलीवरून घेऊन जाणार आहे. शहर पाहावयाचे तर ते सायकलीवरून पाहावे, असे माझे जुने मत आहे. मोटारीत बसले की रस्ता तेवढा दिसतो. पायी निघाले तर एका सकाळी एक पेठ कशीबशी होते. सायकलवाला मात्र एखाद्या जुन्या दाराशी पाय टेकून उभा राहू शकतो आणि मन भरले की पुढे निघतो. शिवाय तो थोडा उंच बसलेला असल्यामुळे कुंपणापलीकडचेही त्याला दिसते. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला ह्या गोष्टीचा फार उपयोग होतो.

माझी सायकल वडिलांची आहे. ते रेल्वेत गार्ड होते. वसईहून नोकरीनिमित्त बडोद्यास आले आणि येथलेच झाले. त्यांच्या काळ्या हर्क्युलिसचे टायर, चेन, पेडल, सीट हे सारे इतक्यांदा बदलले आहे की, मूळची म्हणावयाची तर एक फ्रेम आणि एक घंटी उरली आहे. रविवारी सकाळची मिस्सा आटोपली की मी फत्तेगंजहून निघतो आणि बागेबागेने लालबागेपर्यंत जाऊन परत येतो. नियम एकच. बागेच्या दाराशी सायकल उभी करून कुलूप लावावयाचे आणि आत पायांनी जावयाचे.

फत्तेगंज हा एके काळचा कॅम्प. इंग्रजांची छावणी ह्या अंगास आणि गायकवाडांचे शहर त्या अंगास, अशी तेव्हाची मांडणी होती. दोहोंच्या मध्ये विश्वामित्री नदी. ही नदी पावागडच्या डोंगरातून येते, शहराच्या मधून वेडीवाकडी वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीस मिळते आणि खंबायतच्या आखातात पोहोचते. तिच्याच काठी, कॅम्प आणि शहर ह्यांच्या सीमेवर, कमाटीबाग आहे. पाटीवर नाव सयाजीबाग असे आहे. पण दांडिया बाजारातले किंवा रावपुऱ्यातले जुने मराठी कुटुंब अजून कमाटीबागच म्हणते, आणि मीही तसेच म्हणणार आहे.

ही बाग १८७९ साली तयार झाली. त्या वेळी सयाजीराव महाराज अवघे सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या मुलाला महाराणी जमनाबाईंनी मे १८७५ मध्ये दत्तक घेतले, त्याला चार वर्षे झाली होती. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती डिसेंबर १८८१ मध्ये आले. तेव्हा बागेचे सारे श्रेय एकट्या महाराजांच्या पदरात घालावयाचे, ही आपल्याकडची नेहमीची भक्ती झाली. दिवाण होते सर टी. माधवराव. तंजावरकडच्या मराठी कुळातला हा मनुष्य त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरी करून बडोद्यास आला होता. मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेले राज्य त्यांना सावरावयाचे होते. अशा वेळी नदीकाठची शंभर एकरांहून अधिक जमीन त्यांनी लोकांच्या फिरण्यासाठी राखून ठेविली, ही साधी गोष्ट नव्हे.

राजांच्या बागा आपल्याकडे पूर्वापार होत्या; परंतु त्यांना भिंत असे आणि भिंतीच्या दाराशी पहारेकरी असे. कोणीही यावे, बसावे आणि उठून जावे, अशी बाग ही त्या काळी नवी कल्पना होती. मुंबईची राणीची बाग १८६२ साली उघडली, तिला तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती. गंमत अशी की, ज्या सायकलीवरून मी ही बाग पाहतो, ती बागेहून लहान आहे! दोन सारख्या चाकांची आणि मागचे चाक साखळीने फिरविणारी आजची सायकल इंग्लंडात जॉन स्टार्ली ह्यांनी १८८५ साली बाजारात आणली, आणि हवेच्या टायरची जोड तिला डनलॉप ह्यांनी १८८८ साली दिली. कमाटीबागेतील पहिली झाडे तोपर्यंत माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली असतील.

झाडांवरून आठवले. बडोद्याच्या बागांची कथा दोन माळ्यांवाचून पुरी होत नाही. लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले विल्यम गोल्डरिंग हे लक्ष्मीविलास राजवाड्याचे आवार आखण्यासाठी येथे आले. त्यांच्यामागून १८९३ साली गुस्ताव क्रुम्बिगेल नावाचा एक जर्मन तरुण, तोही क्यू येथे काम केलेला, बडोदे संस्थानच्या बागांवर रुजू झाला. तो येथे पंधराएक वर्षे राहिला आणि मग म्हैसूर दरबाराने त्याला उचलले. बंगलोरचा लालबाग त्याने नावारूपास आणला आणि एका मोसमात एक झाड फुलावे, ते ओसरले की दुसरे फुलावे, अशा हिशेबाने रस्त्यांच्या कडेने झाडे लावली. बंगलोरची मंडळी त्याचे नाव अभिमानाने घेतात. त्याने आपली उमेदवारी कोठे केली हे मात्र बडोदेकरांनाही फारसे ठाऊक नसते. मी वर्गात विचारले तर एकही हात वर येत नाही. स्टाफरूममध्ये विचारून पाहिले, तेथेही नाही.

बागेच्या मध्यावर संग्रहालयाची इमारत आहे. मेजर मँट आणि रॉबर्ट चिझम ह्या वास्तुशिल्पकारांची ती कृती, १८९४ साली पुरी झालेली. आत एका देवमाशाचा सबंध सांगाडा आहे. १९४४ सालच्या वादळात तो मही नदीच्या मुखाशी येऊन पडला होता. मुले प्रथम तेथेच धावतात. शेजारचे चित्रदालन १९०८ ते १९१४ ह्या काळात बांधून झाले. परंतु पहिले महायुद्ध सुरू झाल्यामुळे युरोपात विकत घेतलेली चित्रे तिकडेच अडकून पडली आणि दालन उघडावयास १९२१ साल उजाडले. हे साल श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. मी पुढे ज्या दिवसाविषयी सांगणार आहे, त्या दिवशी ही इमारत बांधून तयार होती आणि ती चित्रे अजून यावयाची होती.

विश्वामित्री ह्या बागेतूनच वाहते. तिच्यात मगरी आहेत, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना खरे वाटत नाही. पुलाच्या कठड्याशी सायकल टेकवून पाच-दहा मिनिटे थांबावे. हिवाळ्याच्या सकाळी काठावर ऊन खात पडलेले एखादे धूड दिसतेच. नदी एरवी इतकी रोडावलेली असते की ती कधी शहर बुडवील असे वाटत नाही. परंतु १९२७च्या जुलैत गुजरातभर जो प्रलय झाला त्यात बडोदेही सापडले. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. आणि ऑगस्ट २०२४च्या अखेरीस तर पाणी वस्त्यांत, दुकानांत, आणि ह्या बागेतही शिरले. त्या आठवड्यात माझी हर्क्युलिस मी घराच्या गच्चीवर नेऊन ठेविली होती. पाणी ओसरल्यावर बाग पाहिली तेव्हा झाडांच्या बुंध्यांवर माझ्या छातीपर्यंत चिखलाची रेघ होती. नदीला फुगावयाचे झाले म्हणजे जागा लागते. बागेने ती दिली. जेथे काठावर भर घालून इमारती उठल्या आहेत, तेथे नदीने ती स्वतः घेतली.

बागेतून बाहेर पडले की काळा घोडा. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने उभारलेला सयाजीराव महाराजांचा हा अश्वारूढ पुतळा. शहराने महाराजांना बाजूस ठेवून चौकाला नाव घोड्याचे दिले, ह्याचे मला नेहमी हसू येते. जवळच जुन्या बडोदे कॉलेजचा, म्हणजे आताच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील कलाशाखेचा, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट आहे. १८८१ साली सुरू झालेल्या ह्या कॉलेजात अरविंद घोष शिकवीत असत. पूल ओलांडला की कीर्तिमंदिर लागते. गायकवाड घराण्याचे हे स्मारक १९३६चे. त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस ह्यांनी १९३९ पासून १९४६ पर्यंत टप्प्याटप्प्याने चित्रे काढली. त्यांतले गंगावतरण पाहावयास मी वर्षातून एकदा तरी आत जातो. तेथून रावपुऱ्याच्या गर्दीतून सायकल सांभाळीत सुरसागरावर यावे, न्यायमंदिराच्या इमारतीला उजेडात एकवार पाहून घ्यावे, आणि दांडिया बाजाराकडून राजवाड्याच्या भिंतीला धरून दक्षिणेकडे निघावे.

ही भिंत फार लांब आहे. १८९० साली पुरा झालेला लक्ष्मीविलास राजवाडा तिच्या आत कोठे तरी असतो. सायकलवाल्याच्या वाट्यास झाडांचे शेंडे येतात आणि कधी मोराचे ओरडणे. गोल्डरिंगसाहेबांनी आखलेली हिरवळ आत आहे आणि तिकीट काढले म्हणजे तिच्यातली काही दिसतेही. माझी त्याविषयी तक्रार नाही. ज्याचे घर त्याचे दार. लालबागेपाशी असलेला प्रतापविलास हा दुसरा राजवाडा तर १९५२ पासून रेल्वेकडे आहे. तेथे रेल्वेचे अधिकारी शिक्षण घेत. वडील गणवेशात त्या दारावरून जाताना सायकलीवरून उतरत, हे मी लहानपणी पाहिले आहे. कोणी उतरावयास सांगितले नव्हते.

लालबागेहून मी परत फिरतो आणि पुन्हा कमाटीबागेच्या दाराशी येतो. आता ज्या गोष्टीसाठी मी आपला वेळ मागितला, ती सांगतो.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर ह्या तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, न्यूयॉर्क आणि लंडन येथील शिक्षण घेऊन ते बडोद्यास आले. महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाले. राहावयास जागा मात्र मिळेना. हिंदूंच्या खानावळीत अस्पृश्याला कोण घेणार? शेवटी एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव नोंदवून, ते वरच्या मजल्यावर राहिले. त्या मोठ्या रिकाम्या दालनात एका मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात आपण कसे वाचीत बसत होतो, हे त्यांनी पुढे लिहून ठेविले आहे. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिन्याने वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडावी, असे बजावून गेले.

ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आठवणींत सांगितली आहे. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. त्या दिवशी ते ओळखीच्या लोकांकडे गेले. एक हिंदू मित्र होता. तो म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. दुपारी चारच्या सुमारास त्यांनी शेवटचे दार सोडले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. विश्रामगृहात परतावे तर मारहाणीचे भय. मित्रांकडे जावे तर कीव करून घेणे मनाला मानवेना. मधला वेळ घालविण्यासाठी ते ह्या कमाटीबागेत येऊन बसले. मन कधी रिते होई, कधी दुःखाने भरून येई. आणि निराधार मुलाला आठवावेत तसे आईवडील आठवले. आई त्यांच्या लहानपणीच गेली होती. वडील २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले, आणि तेही केव्हा, तर भीमराव पहिल्यांदा बडोद्याच्या नोकरीवर आले त्याच्या थोड्याच दिवसांनी! रात्री आठ वाजता ते बागेतून उठले, गाडी करून विश्रामगृहावर गेले, सामान खाली आणले आणि स्टेशनवर आले.

चारपासून आठपर्यंत, म्हणजे चार तास. लोकांच्या आठवणीत त्या जागी एक झाड आहे. झाडाखाली त्यांनी संकल्प केला म्हणून तिला संकल्पभूमी म्हणतात, आणि २३ सप्टेंबरला तेथे माणसे जमतात. बाबासाहेबांच्या त्या लेखात झाडाचा उल्लेख नाही, संकल्पाचाही नाही. पण म्हणून मी कोणाशी वाद घालीत नाही. सप्टेंबरातील दुपारी चार वाजता ह्या बागेत बसावयाचे तर माणूस झाडाखालीच बसेल. आणि पुढे त्यांनी जे केले ते जगाला माहीत आहे. त्याची सुरुवात कोठे झाली हे त्यांच्या लेकरांनी ठरवावे, शाळामास्तराने नव्हे.

मला त्या लेखात निराळीच गोष्ट दिसते. ज्यांनी शिष्यवृत्ती दिली त्या सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या. पुढच्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईत भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. त्याच सुमारास इंदुरास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार काम करीत होते. त्यांनी १९१६ साली बडोद्याविषयीही दरबारासाठी अहवाल लिहिला होता. इंदुरात प्लेगच्या भयाने त्रासलेल्या लोकांना घरे झाडण्याची गोडी लागावी म्हणून त्यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढली आणि तीत झाडूवाल्यांना स्वच्छ पांढऱ्या पोशाखात मानाने चालविले. हे सर्व चांगलेच झाले. परंतु दरबाराच्या हुकुमाने बाग उघडते, शाळा उघडते, मिरवणूक निघते; गावातल्या माणसाच्या घराची कडी हुकुमाने निघत नाही. त्या दुपारी बडोद्यासारख्या सुधारलेल्या राजधानीत त्या विद्वान तरुणाला बसावयास मिळाली ती एवढी बाग. तेथून कोणी उठविले, असे ते लिहीत नाहीत.

गेली पंधरा-सोळा वर्षे मी हा प्रसंग आठवीच्या वर्गाला सांगत आलो आहे. पारशी विश्रामगृह सांगतो, काठ्या सांगतो, नोकरांची सबब सांगणारा हिंदू मित्र सांगतो, मग बाग. मुले स्तब्ध होऊन ऐकतात. गेल्या खेपेस तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. तिच्या हातात त्या पुस्तिकेचे मराठी भाषांतर होते, पान दुमडलेले.

“सर, ह्यात अजून एक घर आहे,” ती म्हणाली. “ते तुम्ही सांगितले नाहीत.”

“राहून गेले असेल,” मी म्हणालो.

राहून गेले नव्हते. ते दुसरे घर एका भारतीय ख्रिस्ती मित्राचे होते. ह्या मित्राने पूर्वी एकदा आपल्याकडे राहावयास येण्याचे निमंत्रण दिले होते. त्या वेळी आंबेडकरांनीच ते घेतले नव्हते. आता गरज पडली तेव्हा त्यांनी जाऊन विचारले. तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. पतिपत्नी दोघेही मूळचे ब्राह्मण कुळातले. धर्मांतरानंतर पती उदार झाला होता, पण पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, आणि तिला विचारणे ही मुत्सद्द्याची सबब होती, हे आंबेडकरांना मागाहून कळले. चार वाजता त्यांनी जे शेवटचे दार सोडले म्हणून मी मघाशी म्हणालो, ते हे दार. त्या मित्राचे नाव त्यांनी दिलेले नाही.

हा मजकूर मी प्रथम वाचला तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. माझ्या मनात आधी आले ते हे की, तो मनुष्य बहुधा आपल्या पंथाचा नसेल! लाज वाटावी असा विचार. पण तो आला. त्यानंतर वर्गात सांगताना त्या घरापाशी माझी जीभ दर वर्षी आपोआप पुढे सरकत असे. खोटे असे मी काही बोललो नाही. एका शहरातून जाताना एक गल्ली टाळून पुढे जावे, तसे केले.

त्या मुलीला दिलेले उत्तर मला दोन-तीन रात्री झोपू देईना. शेवटी पुढच्या शनिवारी, घरच्यांची परवानगी घेऊन, वर्गातील आठ मुलामुलींना त्यांच्या सायकली घेऊन शाळेच्या दाराशी बोलाविले. दुपारी साडेतीनला निघालो. पावसाळा सरत आला होता. रस्त्याच्या कडेला चिखल होता आणि एकाची चेन दोनदा उतरली. बागेच्या दाराशी सायकली ओळीने लावल्या. आत जाऊन नदीच्या अंगास एका मोठ्या वडाच्या सावलीत बसलो. ते तेच झाड, असे मी त्यांना सांगितले नाही.

तेथे मी तो प्रसंग पहिल्यापासून सांगितला, आणि ह्या खेपेस तिसऱ्या दारापाशी थांबलो. मग वसईच्या आजीच्या घरची एक गोष्ट सांगितली, जी मी तोपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती. आजी रोज रोझरी म्हणे, उपवास पाळी, भिकाऱ्याला कधी विन्मुख पाठवीत नसे. पडवीच्या फळीवर मात्र कान तुटलेला एक कप निराळा ठेविलेला असे. अंगण आणि मोरी झाडावयास येणाऱ्या बाईला चहा त्यातून मिळे, आणि चहा घेतला की ती तो आपल्या हाताने धुऊन पुन्हा फळीवर ठेवी. ती बाईही ख्रिस्तीच होती. रविवारी ती आमच्याच देवळात, मागच्या बाकावर बसे. कपाविषयी आजीला मी कधी विचारले नाही. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, हे खरे. पण पुढे वीस वर्षांचा झालो तेव्हाही आजी होती, आणि कपही होता.

मुले काही बोलली नाहीत. मग एकाने विचारले, “तो मित्र नंतर बाबासाहेबांना भेटला का, सर?” मी म्हणालो, त्यांनी तसे लिहिलेले नाही. पुस्तिका आणणाऱ्या मुलीने विचारले, “आणि त्या बाईंना खरेच कोणी विचारले होते का?” हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. पत्नीचे नाव पुढे करून पतीने नकार दिला; ती दुसऱ्या दिवशी बडोद्यास आली तेव्हा पाहुणा निघून गेलेला होता. तिने काय उत्तर दिले असते, हे त्या दिवशी तिच्या तोंडून कोणीच ऐकले नाही. मी मुलीला तसे सांगितले. तिने पान उलगडून तेवढा मजकूर पुन्हा वाचला.

सहा वाजत आले तेव्हा मी मुलांना उठावयास सांगितले. त्यावर चेन उतरलेला मुलगा म्हणाला, “आपण आठ वाजेपर्यंत बसून पाहू या.” सगळ्यांना ते पटले. मी दोन-तीन पालकांना फोन करून उशीर होईल म्हणून कळविले.

पहिला अर्धा तास ठीक गेला. मग डास सुरू झाले. कोणी गवत उपटू लागले, कोणी नदीकडे मगर दिसते का ते पाहून आले. एकीला तहान लागली, एकाला गृहपाठ आठवला. फुलांच्या घड्याळाकडून लहान मुलांचा गलका येत होता, तो हळूहळू कमी झाला. रस्त्यावर दिवे लागले. सात वाजून दहा मिनिटांनी सर्वांत लहान मुलाने माझ्या मनगटावरच्या घड्याळात डोकावून पाहिले आणि “अजून पन्नास मिनिटे?” असे इतक्या दीनवाणेपणाने विचारले की, मलाच उठावे लागले.

दाराशी येऊन मी सायकली मोजल्या. नऊ होत्या. एका चाकातली हवा गेली होती; ती सायकल मी हातात धरली आणि माझी हर्क्युलिस त्या मुलाला दिली. त्याचे पाय पेडलला जेमतेम पुरत होते. आम्ही फत्तेगंजच्या रस्त्याला लागलो.